वाघाचं ब्लँकेट

17 मार्च 2025 ला रात्री नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली, तेव्हा मी आमच्या बांधीत पंपाजवळ बसलो होतो. आमचं गाव नागपूरपासून शंभरावर किलोमीटर दूर, भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अंगाला. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. उन्हाळी धानाला पाणी सोडून माणूस धुऱ्यावर बसला की सोबतीला डास आणि मोबाइल, तिसरं कोणी नाही. त्या रात्री नागपूरचा म्हणून एक व्हिडिओ आला. पावणेदोन मिनिटांचा. मी पहिली वीसेक सेकंदं पाहिली आणि गावच्या ग्रुपवर ढकलून दिला.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे काही केलं ते माझ्या चांगुलपणातून सुचलं असं कोणाला वाटू नये.

मी गावात सेतू चालवतो. सात-बारा, ई-केवायसी, धान विक्रीची नोंदणी, जातीचे दाखले. त्यामुळे माझ्या नंबरवरून आलेली गोष्ट लोक जरा जास्त खरी मानतात. सकाळपर्यंत तो व्हिडिओ घरोघरी पोचला. दोन दिवसांनी भाच्याने दाखवलं, शेवटी कॅमेरा वर जातो, दुकानाची पाटी दिसते आणि पाटीवरची अक्षरं बंगाली आहेत. मी शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. पण तोवर सहा पोट्टे स्टँडवरच्या मिस्त्रीच्या दुकानात जाऊन आले होते.

मारलं नाही. शिवीही दिली नाही म्हणतात. फक्त सांगितलं, दुकान बंद ठेव. हा मिस्त्री सायकली, मोटरसायकली, फवारणीचे पंप, सगळं दुरुस्त करतो. गावात मुसलमानांची अकरा घरं, त्यातलं स्टँडला लागून असलेलं हे एक. त्याने चार दिवस शटर वर केलं नाही. त्याची वहिनी बुधवारच्या बाजारात बांगड्या घेऊन बसते. त्या बुधवारी तिच्या पाटीपुढे कोणी बाई टेकली नाही. बायांनी तसं ठरवलं नव्हतं, पण टेकली नाही कोणी. मग कामठीला कामाला असलेल्या मिस्त्रीच्या पुतण्याने एक स्टेटस ठेवलं. ते वाचून माझंही डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू. ठाण्यातून दोन्हीकडच्यांना प्रतिबंधक नोटिसा आल्या. जुन्या कायद्यात जे 149 होतं ते आता नव्या संहितेत 168 झालं आहे, एवढं ज्ञान त्या निमित्ताने सगळ्या गावाला झालं. नोटिशींच्या झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाल्या. दोन रुपये पान.

6 एप्रिलला रामनवमी झाली. डीजेवर जी गाणी लागली ती रामाची कमी आणि कोणाला तरी ऐकवण्याची जास्त. मिस्त्रीच्या घरासमोर गाडी दहा मिनिटं उभी राहिली. मी मागे चालत होतो. छातीत धडधड होत होती, ती रागाची, भीतीची की नुसत्या त्या बेसची, ते कळत नव्हतं. पायही थोडे ठेक्यावर पडत होते.

कट्टरतेला कलेने उत्तर द्यावं, असं वाक्य आता व्यासपीठांवर फार ऐकू येतं. दर वेळी मला ती डीजेची गाडी आठवते. आमच्या पोट्ट्यांकडे कला नव्हती असं कुठे होतं? गाणं होतं, नाच होता, रंग होते, झेंडे होते. आमच्या तालुक्याची हद्द ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे नक्षलवाद्यांनी चेतना नाट्य मंच या नावाची स्वतःची मंडळी वर्षानुवर्षं चालवली. गोंडीतली गाणी, ढोल, नाच. भाषणाला न येणारा पोरगा नाचाला येतो, हे त्यांना फार आधी कळलेलं होतं. त्याच जिल्ह्यातले झाडीपट्टी, म्हणजे आमच्या ह्या पूर्व विदर्भातल्या, रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेही ह्याच लोकांसमोर रात्र रात्र उभे राहून. आणि आमच्या पश्चिमेला चिमूर. 1942 च्या ऑगस्टमध्ये तिथे उठाव झाला, आणि इंग्रजांनी तुकडोजी महाराजांना उचलून नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. महाराजांच्या हातात खंजिरी होती, दुसरं काही नव्हतं. तेव्हा ढोलकी कोणाच्या हाती आहे त्यावर सगळं आहे, ढोलकी बिचारी कोणाच्याही हाती वाजते.

मे महिन्यात आम्ही चौघे जण वडश्याला गेलो. कागदोपत्री ते देसाईगंज, पण वडसाच म्हणतात सगळे. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ते माहेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या कचेऱ्या, पोस्टरांवर रडणाऱ्या बायका आणि मिशांवाले खलनायक. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो उन्हाळा लागेपर्यंत. रात्री दहाला पडदा वर गेला की सकाळी कोंबडा आरवतानाच खाली. आमचा बेत साधा होता. यंदाच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, एकोप्याचं एखादं नाटक ठरवायचं, बयाना द्यायचा, मोकळं व्हायचं. मॅनेजरने आकडा सांगितला आणि आमच्यातला एक जण उठून पाणी प्यायला गेला. घासाघीस केली. तो माणूस भला होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, नाटक आमी आनून टाकू. पन आमी रातच्याले येतो, सकारी जातो. तुमचं भांडन त तुमच्याच गावात रायते ना?"

परत येताना जीपमध्ये कोणी बोललं नाही. अर्ध्या वाटेवर आल्यावर मागून आवाज आला, "आपल्या गावची दंडार काहून बंद पडली गा?"

दंडार म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या भागात दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. आज ह्या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं फुगतात, शिंगाडे, जिलेबी, ऊस, फुगे. गोवारी ढाली घेऊन नाचतात. सोयरिकी जुळतात, मोडतात. आणि रात्री दंडार. आधी गण, मग गवळण, मग नकला आणि सोंगं. बायांची कामं पुरुषच करतात. मागे झील धरणारे उभे, ढोलकी, डफ, टाळ. अर्धं बाडात लिहिलेलं, अर्धं तिथल्या तिथे सुचलेलं. आमच्या गावची दंडार कंपन्यांच्या नाटकांपुढे टिकली नाही. कोणी ठरवून बंद केली नाही. एका वर्षी ढोलकीवाला आजारी पडला, दुसऱ्या वर्षी नाटक आलं, तिसऱ्या वर्षी कोणाला आठवण राहिली नाही.

जुन्यातले दोघं उरले होते. एक ढोलकीवाला, ज्याचा डावा हात आता थरथरतो. दुसरे राधाबुवा. तरुणपणी गवळणीत राधेचं काम करायचे, म्हणून हे नाव. आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा. बाड त्यांच्याकडेच होतं. धानाच्या कोठीमागून जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला, सोडला, तर उंदरांनी एक कोपरा गवळणीसकट खाल्लेला. बुवा म्हणाले, "खाऊ दे. ते मले पाठ आहे."

मी विचारलं, तेव्हा उजेडाचं कसं करायचे? म्हणाले, गॅसबत्ती. गावात एकच होती, मिस्त्रीच्या आज्याची. मंडईच्या रात्री तोच पंप मारत बसायचा. एवढंच बोलून ते पुन्हा पानं सुटी करायला लागले. त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

धानाची रोवणी आटोपली आणि ऑगस्टच्या मध्यावर तालमी सुरू झाल्या. समाजमंदिरात संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. ती संपली की सतरंजी न उचलता आम्ही बसायचो. पहिल्या रात्री मी लिहून आणलेली नकल वाचली. नऊ पानं. त्यात दोन मित्र होते, एक हिंदू, एक मुसलमान, आणि एक पुढारी त्यांच्यात भांडण लावतो. शेवटी दोघं गळ्यात पडतात. वाचून झाल्यावर एका पोट्ट्याने विचारलं, "भाऊ, हे 26 जानेवारीले शाळेत झालतं ना?" खरंच झालं असेल. राधाबुवांनी तर मधेच डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाले, "तू भासन देऊन रायला. दंडारीत कोनी कोनाले सिकवत नाई, चिमटा घेते. अना चिमटा घेतानी नाव नाई घेवाचं. नाव घेतलं का तो भांडाले येते. नाई घेतलं त घरी जाऊन सोताच चाचपून पायते."

मग त्यांनीच गोष्ट काढली. आमच्याकडे वाघ ही रोजची बाब आहे. ब्रह्मपुरी, वडसा, आमचा तालुका, सगळीकडे वाघ फिरतो, माणसं मरतात, बाया मोहफुलं वेचायला टोळीने जातात. तेव्हा वाघाची बातमी कोणाला खोटी वाटत नाही. नकल अशी की एक म्हातारा पहाटे परसाकडे निघतो. थंडी म्हणून अंगावर ब्लँकेट. ब्लँकेट तेच, जे हिवाळ्यात दारावर विकायला येतं, गुळगुळीत, मोठ्ठ्या वाघाच्या तोंडाचं. कोणीतरी अंधारात ते पाहतं. पहिला म्हणतो, वाघ दिसला. दुसरा म्हणतो, दोन आहेत. तिसरा म्हणतो, वाघ पाळीव आहे, बाजूच्या गावाने सोडला. चौथा म्हणतो, आपल्याच गावातलं कोणीतरी त्याला मटण घालतं. पाचवा म्हणतो, मला घर माहीत आहे. मग सगळे काठ्या घेऊन निघतात.

तालमीत हे पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा तिसऱ्या वाक्यापर्यंत सगळे हसत होते. चौथ्याला दोघं-तिघं हसले.

आता माणसांचं. जे सहा पोट्टे दुकानात गेले होते त्यांतले चार तालमीला आले. का आले ते सांगतो, कारण ह्यात कोणाचं हृदयपरिवर्तन वगैरे झालेलं नाही. त्यांचा म्होरक्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे चारला उठून तलावाच्या पाळीवर धावतो. नोटीस आल्यावर तो माझ्याकडे आला होता, चारित्र्य पडताळणीत हे निघेल का विचारायला. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण ठाण्यात आपल्या दंडारीचा अर्ज जाईल, त्यावर कार्यकर्त्यांची नावं असतात. तो दुसऱ्या दिवसापासून यायला लागला. त्याच्यामागे बाकीचे तीन. एक तर फक्त राधेचं लुगडं नेसायला मिळेल म्हणून आला आणि बुवांचा लाडका झाला. लुगड्यात पावलं कशी टाकायची, घागर डोक्यावर आहे असं मानेने कसं दाखवायचं, हे त्याला शिकवताना म्हातारा वीस वर्षांनी लहान दिसायचा.

मिस्त्रीला बोलवायला मी गेलो. तीनदा. पहिल्यांदा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत राहिला. दुसऱ्यांदा म्हणाला, लाइटिंगचं काम असेल तर सांगा, पैसे पडतील. तिसऱ्यांदा मी स्पष्ट सांगितलं की तो व्हिडिओ ग्रुपवर मी टाकला होता. म्हणाला, "मालूम आहे. ग्रुपमधी मी बी होतो ना."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाच महिने मी समजत होतो की ही कबुली माझ्याकडे जपून ठेवलेली आहे.

तो आला, पण अटीवर. आमच्या डोक्यात होतं की ब्लँकेटखालचा म्हातारा त्याने करावा. शेवटी ब्लँकेट निघेल, मार खाल्लेला मिस्त्री दिसेल, लोक सुन्न होतील. मी मनात ते चित्र रंगवून ठेवलं होतं. त्याने ऐकलं आणि मान हलवली. "मार खानारा मी नाई होत. मले बोलाचं काम पायजे." आणि त्याने तिसरा बोलणारा मागितला, वाघ पाळीव आहे, बाजूच्या गावाने सोडला म्हणणारा. ह्यावर दोन रात्री वाद झाला. गावातले एक गुरुजी म्हणाले, अफवा पसरवणारा नेमका हाच दाखवला तर लोक उलटा अर्थ घेतील. बरोबरच होतं त्यांचं. मिस्त्री म्हणाला, मी चांगला दाखवलो तरी घेणारे उलटाच घेतात, मग मजा तरी येऊ द्या. राधाबुवांनी तोड काढली. पाचही बोलणारे पाच घरचे, पाच जातीचे घेतले आणि कोणालाच नाव ठेवलं नाही. तिसरा तोच राहिला.

मग ब्लँकेटखाली कोण? कोणी काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

म्होरक्याला बोलायचं काम जमेना. तोंड उघडलं की आवाज फाटायचा, गुडघे हलायचे. पाच किलोमीटर न थांबता धावणारा पोरगा चार माणसांसमोर उभा राहिला की गळून जायचा. पण वाचन स्वच्छ. म्हणून तो प्रॉम्टर झाला. आमच्या भागात प्रॉम्टर म्हणजे लहान काम नाही. बांबूच्या तट्ट्याच्या आडोशाला बसायचं, वही मांडीवर, आणि प्रत्येकाचं वाक्य त्याच्या तोंडात यायच्या अर्धा श्वास आधी हळूच सोडायचं. फार आधी दिलं तर बोलणारा गोंधळतो, उशिरा दिलं तर अडतो. मोठ्याने दिलं तर लोक ऐकतात. सगळ्यांची सगळी वाक्यं त्यालाच वाचावी लागतात, कोणाचंही वगळून चालत नाही.

सप्टेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. बाहेर पाऊस. नकल चालू होती, दुसऱ्याचं बोलणं झालं, मिस्त्री पुढे आला आणि अडला. वाक्य गेलं डोक्यातून. त्याने तट्ट्याकडे पाहिलं. तट्ट्यामागून काही नाही. पोट्ट्याने वही उघडी धरली होती, बोट त्या ओळीवर होतं, मी आडव्या पडल्या पडल्या ब्लँकेटच्या फटीतून पाहत होतो. ओठ मिटलेले. बरेच क्षण गेले. ढोलकीवाल्याने थाप मारून जागा भरली, पुन्हा भरली. राधाबुवांना त्या अंतरावरचं दिसत नाही, ते फक्त म्हणाले, "कोनाची वाट पाऊन रायले?" तेव्हा तट्ट्याच्या मागून आलं, "वाघ पाळीव आहे."

मार्चमध्ये 'दुकान बंद ठेव' म्हटल्यानंतर तो मिस्त्रीशी बोललेला हा पहिला शब्द. मिस्त्रीने वाक्य उचललं आणि असं काही फेकलं की कोपऱ्यातली पोरं लोळली. तालीम झाल्यावर दोघं वेगवेगळ्या वाटेने घरी गेले. दुसऱ्या दिवशीही वेगवेगळ्याच.

चारातला एक त्याच महिन्यात गळाला. त्याला कोणाचा तरी फोन आला होता, तुम्ही कोणासोबत बसता म्हणून. मी घरी गेलो, तो नाही म्हणाला. मी जास्त ओढलं नाही. ओढायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो. ग्रामपंचायतीचं नाहरकत, ठाण्यात अर्ज, सोबत कार्यकर्त्यांची यादी. साहेबांनी दोन गोष्टी विचारल्या. संहिता कुठे आहे? कारण नियमाने नाटकाची संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर असावी लागते. आम्ही उंदरांनी खाल्लेलं बाड टेबलावर ठेवलं. त्यांनी नकलेची पानं उभ्याउभ्या वाचली, एका जागी हसू दाबलं, आणि हमीपत्र लिहून घेतलं. दुसरं, भोंगा. ध्वनिप्रदूषण नियम 2000 चे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आमची मंडई काही त्यात बसत नव्हती. साहेब म्हणाले, दहाला भोंगा बंद झाला पाहिजे, पुढे तुमचं तुम्ही पाहा. मी तोंड वाकडं करून घरी आलो. राधाबुवांना सांगितलं तर म्हणाले, "मंग? दंडारीले भोंगा कवा होता?"

वर्गणी नगदी मागितली असती तर आली नसती, हंगामाच्या तोंडावर कोणाकडे पैसा असतो. घरटी एक पायली धान मागितलं. हलके धान निघाले होते, लोकांनी दिलं. मुसलमानांच्या अकरा घरांपैकी नऊ घरांनी दिलं, तीन मोहल्ल्यांतल्या काही घरांनी नाही दिलं, ते त्यांचं नेहमीचं आहे, गणपतीलाही देत नाहीत. मग ऑक्टोबरच्या शेवटी मोंथा वादळाचा पाऊस आला. कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा बांधीत पाण्याखाली गेल्या. कसली मंडई आणि कसली दंडार. आठ दिवस सगळं गाव कडपा उलटत होतं, धुऱ्यावर वाळवत होतं. काहींनी म्हटलं, यंदा राहू द्या. पण पाहुणे सांगून झाले होते, लेकी आलेल्या होत्या. एक आठवडा पुढे ढकलली.

मंडईच्या रात्री साडेनऊला गण सुरू झाला. शाळेच्या पटांगणावर तणस पसरलेलं, त्यावर लोकांनी आपापले बोरे, चटया टाकून संध्याकाळपासूनच जागा धरलेल्या. कोण कुठे बसतं ते ठरलेलं असतं, ज्याच्या त्याच्या मोहल्ल्याप्रमाणे, मधे न दिसणाऱ्या वाटा. दहाला पाच कमी असताना पोलीस पाटलाने घड्याळ दाखवलं. गवळणीच्या ऐन रंगात माइक बंद झाला. राधा झालेल्या पोट्ट्याचा आवाज एकदम पातळ झाला. मागचे ओरडायला लागले, ऐकू येत नाही. बुवा म्हणाले, "मंग समोर या ना बाप्पा!" आणि मागचे उठले, चटया काखेत मारून पुढे घुसले, पुढचे चिडले, सरकले, लहान पोरं मांडीवर घेतली गेली. एका बाईची वहाण हरवली आणि तिने सगळ्यांना सुनावलं. दहा मिनिटं नुसता गोंगाट. त्यानंतर कोण कोणाला खेटून बसलं होतं ते मी रंगपटातून पाहिलं, पण पाहत बसायला वेळ नव्हता. नकल पुढची होती.

ह्यापुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. कारण मी ब्लँकेटखाली होतो. ह्या ब्लँकेटांतून हवा म्हणून जात नाही. आत रबर आणि घामाचा वास. पहिला बोलला, हशा. दुसरा बोलला, हशा. मिस्त्रीची पाळी आली. मला तट्ट्याजवळच आडवं पडायचं होतं, त्यामुळे प्रॉम्टरचा आवाज माझ्या कानाशी होता आणि प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकू येत होतं, एकदा कुजबुजत, एकदा गर्जत. "वाघ पाळीव आहे," कुजबुज. "वाघ पाळीव आहे!" मिस्त्री. तालमीत नसलेलं पुढचं त्याने तिथेच जोडलं, "माह्याकडे व्हिडिओ आहे!" वहीत हे नव्हतं. तट्ट्यामागची कुजबुज थांबली आणि मग नाकातून हसल्याचा आवाज आला. पटांगणात असा हशा उसळला की चौथ्याला आपलं वाक्य तीनदा म्हणावं लागलं. मी आत घामाने निथळत होतो.

मग मार. तणसाच्या पेंढ्या होत्या, तरी अकरा जण मारायला लागले की लागतं. एकाच्या हातातल्या पेंढीत काडी राहून गेली होती, पाठीवर वळ उठला, तो आठ दिवस होता. मला वाटलं होतं इथे लोक गप्प होतील. नाही झाले. हसतच राहिले. मार जितका वाढला तितके हसले. फक्त पुढून एका म्हातारीचा आवाज आला, नाटकातलाच असल्यासारखा, "मेल्याहो, आंधी तोंड त पाऊन घ्या त्याचं!" ब्लँकेट ओढलं गेलं, मुलाचं काम करणाऱ्याने "बा, तू?" म्हटलं, मी कण्हलो. लोक तरीही हसत होते, थोडे कमी. मग झील धरणाऱ्यांनी सूर उचलला आणि पुढचं सोंग आत आलं. मी रंगपटात जाऊन बदाबदा पाणी प्यायलो. खरं सांगायचं तर हिरमोड झाला होता.

दोनच्या सुमारास आटोपलं. पण गोष्ट तिथे आटोपली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साकोलीच्या मावसभावाचा फोन. "तुमच्या गावात चोर पकडला म्हणते? मारला त्याले?" कोणीतरी मोबाइलवर काढलेल्या चित्रणातून नेमकी ती सतरा सेकंदं कापली होती. अंधुक उजेड, घोळक्यात पडलेला माणूस, वरून मार. खाली ओळ, लाखांदूर तालुक्यात चोराला जमावाची मारहाण. संध्याकाळपर्यंत दुसरी ओळ आली, त्यात चोराचा धर्मही होता. रात्री तिसरी आली, त्यात धर्म बदललेला होता. कोणी कापलं ते कळलं नाही. तलावाच्या पाळीवर त्या रात्री एक मोबाइल पेटलेला काही जणांनी पाहिला होता, पण तसे तर पटांगणात दीडशे मोबाइल होते. मी कोणाचं नाव घेत नाही.

ठाण्यातून बोलावणं आलं. मी गेलो, शर्ट वर करून वळ दाखवला, जमावाने मारलेला चोर मीच म्हणून. साहेबांनी डोक्याला हात लावला. त्यांनी हमीपत्र काढलं, मी बाड काढलं. पण फोन कसे थांबणार? दोन दिवस आम्ही तेच केलं. प्रॉम्टरने कोणाकडून तरी पूर्ण नकलेचं चित्रण मिळवलं, अठरा मिनिटांचं, आणि एकेका ग्रुपवर टाकत बसला. माझ्या सेतूतच, माझ्या वायफायवर. टाकायचा आणि खाली लिहायचा, शेवटपर्यंत पाहा, ब्लँकेटखाली सेतूवाले भाऊ आहेत. काहींनी पाहिलं. काहींनी लिहिलं, अठरा मिनिटं कोणाला वेळ आहे. कामठीच्या पुतण्यापर्यंत चोराची क्लिप आधी पोचली आणि त्याने काकाला फोन करून विचारलं, कोणाला मारलं? मिस्त्री त्याला फोनवर नकल म्हणून दाखवत होता, पाचही जणांच्या आवाजात, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर. त्याची तीस सेकंदं झाली की पुतण्या मधेच काहीतरी बोलायचा आणि हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

तिसऱ्या दिवशी माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं. स्टँडवर ढकलत नेली. मिस्त्रीने ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, खिळा दाखवला. पंक्चर लावताना म्हणाला, ते ब्लँकेट माझ्या घरचं आहे, धुवून परत पाहिजे, थंडी सुरू झाली. मी म्हटलं, आणतो. पैसे किती? त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. चाळीस.

मी चाळीस दिले.